बांधून देतो

आमच्या मालाचा नमुना खाऊन बघणारं गिऱ्हाईक मला आयुष्यात एकच भेटलं. आमचा माल म्हणजे कागद.

मी तेव्हा अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या एका कागदाच्या पेढीत फिरता विक्रेता होतो. राहायचो गिरगावात. सकाळी नमुन्यांची पिशवी बगलेत मारायची, छापखाने, मिठाईवाले, कचेऱ्या पालथ्या घालायच्या आणि संध्याकाळी तीच पिशवी घेऊन परत यायचं. नमुना हातात दिला की लोक तो उजेडात धरायचे, बोटांनी चोळायचे, फारच चिकित्सक असले तर टरकावून बघायचे. लालबागच्या या गृहस्थांनी माझ्या हातून बटर पेपरचा तुकडा घेतला, त्याची सुबक घडी घातली आणि विडा खावा तसा तोंडात टाकला. डोळे मिटून चघळला. मग मोरीपाशी जाऊन थुंकले, चूळ भरली आणि गंभीर चेहऱ्याने परत आले.

"ह्याला घासलेटाचा वास आहे."

"मालक, आमच्या गोदामात घासलेटाचा टिपूससुद्धा नसतो."

"मग माझी जीभ खोटं बोलते?"

आत कढईपाशी बसलेल्या त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "मघाशी तुम्हीच स्टोव्ह भरलात ना? हात धुतलेत काय?"

मालकांनी बोटं हुंगली, लेंग्याला पुसली आणि जराही न ओशाळता म्हणाले, "दुसरा नमुना काढा."

सगळं लालबाग त्यांना मालक म्हणत असे. गिरणीच्या फाटकासमोर त्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काही बाकडी, दर्शनी भागात एक फळी, आणि मागे वहिनींची कढई. बटाटेवडे, कांदाभजी, वाटाण्याची उसळ, तिखट पुऱ्या. पाळी सुटली की निम्मे लोक आत बसून खायचे आणि निम्मे घरच्यांसाठी बांधून न्यायचे. मालकांचा जीव होता तो या दुसऱ्या निम्म्यांत. ते उंच होते आणि थोडे पुढे वाकलेले. अंगात बंडी, गळ्यात सुतळीचं रीळ. लग्नाकार्यालाही ते रीळ त्यांनी गळ्यात घातलेलं मी पाहिलं आहे.

"वडा तळणं सोपं आहे," ते मला सांगायचे. "बायको तळते. पण तो इथून घरी पोचेपर्यंत वडाच राहिला पाहिजे. ती विद्या."

वहिनींना या विद्येचं कौतुक नव्हतं. त्या म्हणायच्या, "भावोजी, मला बघायला आले तेव्हा ह्यांनी माझं तोंड नंतर बघितलं. आधी माझ्या आईने ज्या फडक्यात पोहे झाकून आणले, ते चोळून बघितलं."

हे वेड लागलं कसं, याची मालकांकडे एक हकीकत होती. मालवणाहून ते पहिल्यांदा बोटीने मुंबईला आले तेव्हा आईने शिदोरी बांधून दिली होती. ती वाटेत फुटली, एकुलता एक सदरा बरबटला आणि त्या वासामुळे गिरणीत माणसं भरणाऱ्या जॉबरने त्यांना दारातूनच घालवलं. सांगण्यागणिक पुडीत कधी बांगडे असायचे, कधी सोलकढी, एकदा तर फणस होता. शेवटी मी वहिनींना खरं काय ते विचारलं.

"बोट लागली म्हणून ओकले ते," वहिनी म्हणाल्या. "त्याला पुडी काय करील?"

मी त्यांच्याकडे जायला लागलो ते चळवळीमुळे. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबाग-परळात भिंत मोकळी दिसली की तिच्यावर रात्रीत घोषणा उमटायची. मालकांना राजकारणात काडीचा रस नव्हता. मुंबई मिळाली म्हणजे भजी मऊ पडायची थांबणार आहेत काय, असं ते विचारायचे. पण तोवर ते सगळ्यांसारखे रद्दीत माल बांधून देत असत, आणि रद्दी म्हटली की वर्तमानपत्रं आली, आणि वर्तमानपत्रात राजकारण आलंच.

एकदा गिरणीत मागावर काम करणाऱ्या एका दणकट साचेवाल्याने वड्याची पुडी रस्त्यातच सोडली. आत चळवळीतल्या एका पुढाऱ्याचा सभेतला फोटो होता, आणि पुढाऱ्याच्या डोळ्यात लसणीची चटणी. साचेवाला सोबत्यांना घेऊन परत आला.

"आमच्या पुढाऱ्याच्या डोळ्यात चटणी घालता?"

मालकांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला. "शाई फिसकटलेली नाय," ते समाधानाने म्हणाले. "डोळा कसा साफ दिसतोय बघा."

यावर बाकडं मोडलं. म्हणजे मालकांवर कोणी हात टाकला नाही, पण साचेवाला त्वेषाने त्याच्यावर बसला.

दुसऱ्या दिवसापासून मालकांनी चळवळीच्या विरुद्ध लिहिणाऱ्या पत्रांचीच रद्दी आणली. आता चटणी योग्य डोळ्यांत जाईल असा त्यांचा हिशेब. तर लोक म्हणाले, असल्या पेपरातलं आम्ही खाणार नाही, पोट बिघडेल. तेव्हा मालकांनी प्रत्येक पान स्वतः वाचून मगच वापरायचं ठरवलं. राजकारण बाद. निधनवार्ता अशुभ म्हणून बाद. सिनेमाच्या जाहिराती बायामाणसं उघडतील म्हणून बाद. कोर्टाच्या बातम्याही बाद, कारण एकाला भज्यांखाली स्वतःच्या मेव्हण्याचा खटला सापडला. इतकं होईस्तोवर भजी गार व्हायची ते वेगळंच. शेवटी उरले कापसाचे बाजारभाव. आठवडाभर लालबागने कापसाच्या भावात भजी खाल्ली. मग गिरणीतली माणसंच वैतागली. दिवसभर नाकातोंडात कापूस, आता भज्यांतही कापूसच का, म्हणाली.

अशा रीतीने मालक कोऱ्या कागदाकडे वळले आणि माझ्या वाट्याला आले.

बटर पेपर, मेणकागद, खाकी कागद, पातळ, जाड, गुळगुळीत, खरखरीत, सगळे कागद त्यांनी चाखले. त्याच्या जोडीला केळीची पानं, पळसाची पानं, सागाची पानं. गरम वडा कागदात बांधून ते तो उसळ-पुऱ्यांसाठी ठेवलेल्या आचाऱ्याच्या पांढऱ्या धोतरावर ठेवायचे आणि डाग किती पसरला ते बघायचे. आचारी पुढे पुढे काळी चड्डी घालून यायला लागला. शिऱ्याची पुडी आढ्याला टांगलेली असायची. तिच्याखालच्या बाकावर नवखं गिऱ्हाईकच काय ते बसायचं.

एकदा त्यांनी मला ट्रामचं निमंत्रण दिलं. पळसाच्या द्रोणात उसळ, त्यावर मेणकागद, त्यावर खाकी, असा चौकोनी पुडा काखेत धरून ते लालबागला ट्राममध्ये चढले. मी मागे.

"आता मला धक्के द्या," ते हळूच म्हणाले.

"मालक, लोक बघताहेत."

"गर्दीत धक्का बसतो की नाय? मग तो घरी जाणाऱ्या माणसाला बसेल तसा द्या. लाजू नका."

मी दिला. शेजारी काळ्या कोटातले एक वकील उभे होते. दुसऱ्या धक्क्याला उसळीचा रस्सा त्यांच्या कोटाच्या खिशात उतरला. वकील ओरडले. मालक त्यांच्याहून मोठ्याने ओरडले, "हलू नका! खंयच्या कोपऱ्यातून गळला, ता बघूक द्या!" चिडले किंवा हरखले की ते थेट मालवणीत शिरत. वकिलांच्या खिशापाशी ते गुडघ्यावर बसले आणि पुडा उलटसुलट करून बघू लागले.

"मी कोर्टात चाललोय हो!" वकील रडकुंडीला आले होते.

"जावा ना. पण खिशात वाटाणे राहिले असतील, ते मोजा. म्हणजे भोक केवढं ते कळेल."

कंडक्टरने आम्हाला परळच्या नाक्यावर उतरवलं. मालक रस्त्याने चालताना आनंदात होते. "कोपऱ्यातून गळला. सगळा घात कोपरा करतो, कागदवाले." त्या दिवसापासून लालबागचे सगळे पुडे गोल झाले. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, गिरणीतून सुटलेला प्रत्येक माणूस घरी नारळ घेऊन चाललाय.

अशात एके सकाळी संयुक्त महाराष्ट्र समितीचे लालबागचे चिटणीस हॉटेलात आले. मी खाकी कागदाचे ताव पोचवायला आलो होतो. जमावबंदीचा हुकूम होता. तो मोडून तुकड्यातुकड्यांनी सत्याग्रही अटक करून घेत होते. सकाळी पकडलेल्या माणसाला कोठडीत संध्याकाळपर्यंत अन्नाचा कण मिळत नाही, तेव्हा प्रत्येकाच्या जवळ खाण्याचा पुडा बांधून द्याल का, असं चिटणीस विचारायला आले होते.

मालकांच्या डोळ्यांत चमक आली. "गाडीत बसायला मिळतं की उभं राहावं लागतं?"

"कसली गाडी?"

"पोलिसांची. आणि झडती घेताना दाबतात का? पुढून दाबतात की बाजूने? कोठडीत ओल असते काय?"

चिटणिसांनी बरेच सत्याग्रह केले होते, पण या अंगाने त्यांनी कधी विचार केला नव्हता. "तसं काही सांगता येणार नाही," ते म्हणाले.

"मग मी आधी स्वतः अटक होऊन बघतो."

 चिटणिसांनी मालकांचे दोन्ही हात हातात घेतले. "मालक, तुमच्यासारख्यांमुळेच मुंबई आपली होणार." मालक मनात पुड्यांची जुळवाजुळव करत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

ठरलेल्या दिवशी मालकांनी पोटाच्या उजव्या बाजूला केळीच्या पानातला पुडा बांधला आणि डाव्या बाजूला बटर पेपरमधला. वर खाकी कागद, वर सुतळी, वर सदरा. आत तिखट पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. बाकीच्या सत्याग्रहींनाही एकेक पुडा दिला. मला त्यांनी नमुन्यांच्या पिशवीसकट बोलावलं होतं. मी लांबून बघायचं, कोणाचा पुडा कधी फुटला ते.

तुकडीत नायगावच्या बीडीडी चाळीतले एक शाळामास्तर होते. बारीक अंगकाठी, स्वच्छ धुतलेला सदरा, बोलणं मोजकं. त्यांनी आणि त्यांच्या चाळीतल्या बहुतेकांनी बुद्धधर्माची दीक्षा घेतली होती त्याला फार काळ झाला नव्हता. मालकांना बघून त्यांनी नमस्कार केला. मालकांचं हे कित्येक वर्षांचं गिऱ्हाईक.

घोषणा सुरू झाल्या. पोलीस आले आणि एकेकाला धरू लागले. मालकांच्या समोर जो हवालदार आला, तो नायगावच्या पोलीस लाइनीतला. रोज संध्याकाळी भजी न्यायचा.

"मालक, तुम्ही बाजूला व्हा."

"मला अटक करा."

"अहो, संध्याकाळी भजी कोण देणार? घरी पाहुणे आहेत."

"मी जमावबंदी मोडली आहे."

"तुम्ही जमावात नाही. कडेला उभे आहात."

मालक एक पाऊल आत सरकले. "आता?"

"घोषणा कुठे दिलीत?"

मालकांना घोषणा द्यायची सवय नव्हती. मोठ्याने ओरडायची त्यांची रीत एकच, फळीवरून आत कढईकडे तोंड करून ओरडायची. त्यांनी मान मागे टाकली आणि त्याच चालीवर आरोळी ठोकली, "एक संयुक्त महाराष्ट्रऽऽ! मुंबई सोबत!"

सत्याग्रही हसले, पोलीसही हसले. हवालदार म्हणाला, "ऐकू नाही आलं." मालकांनी पुन्हा ऑर्डर दिली. तोवर एक इन्स्पेक्टर तिथे पोचले. पोलिसांना हसताना बघून त्यांचा पारा चढला होता. त्यांनी मालकांना धरायला सांगितलं आणि पिशवी घेऊन उभा असलेला मीही संशयास्पद वाटल्यामुळे मलाही. मी ओरडून सांगत होतो की मी कागद विकतो. इन्स्पेक्टर म्हणाले, "पत्रकं वाटतोस होय?"

गाडीत आम्ही दाटीवाटीने उभे होतो. इतर लोक गाणी म्हणत होते. मालक मात्र शेजारच्यांना विनवत होते, "जरा डावीकडून दाबा हो. नाय, आणखी. अंग चोरू नका."

चौकीच्या अंगणात झडती झाली. इन्स्पेक्टरांचा हात मालकांच्या पोटाला लागला आणि ते झटकन मागे सरले. "हे काय बांधलंय?"

"दाबून बघा," मालक म्हणाले.

अंगण क्षणात मोकळं झालं. सगळे पोलीस भिंतीला टेकले. इन्स्पेक्टरांनी लांबूनच सदरा काढायला लावला, मग सुतळी सोडायला लावली. हे मालकांना हवंच होतं. ते अंगणाच्या मध्यभागी मांडी घालून बसले आणि एकेक थर उलगडत सांगू लागले, हा खाकी, हा भार घेतो. हे केळीचं पान, ह्याचा देठाकडचा भाग आत ठेवायचा. शेवटी पुरी दिसली. इन्स्पेक्टर जवळ आले, वाकून बघितलं, हवालदाराकडे बघितलं आणि एक पुरी तोंडात टाकली.

"मऊ पडली का?" मालकांनी अधीरपणे विचारलं.

"थोडी," इन्स्पेक्टर म्हणाले.

"वाटलंच. आता ही डावीकडची बघा."

डावीकडच्या त्यांनी दोन खाल्ल्या.

कोठडीत सगळ्यांनी आपापले पुडे सोडले. एकाही पुड्यातून तेल बाहेर आलं नव्हतं. बटर पेपरने बाजी मारली होती. मालक इकडून तिकडे फिरत सगळ्यांच्या पुऱ्या मोडून बघत होते. इतका सुखी माणूस त्या कोठडीने कधी पाहिला नसेल. जो तो त्यांची तारीफ करू लागला, तशी त्यांनी मास्तरांकडे बोट दाखवलं.

"मला काय विचारता? ह्यांना विचारा. माझ्या बांधणीचे खरे दर्दी हे. मी हॉटेल काढलं तेव्हापासून येतात, पण आत बसून खाल्लंय असं एकदा झालं नाय. नेहमी बांधूनच नेणार. का, मास्तर?"

मास्तर पुरी खात होते. त्यांनी घास संपवला, बोटं कागदाला पुसली.

"एकदा बसलो होतो."

"कधी?"

"पहिल्यांदा आलो तेव्हा. दाराजवळच्या बाकावर. तुम्ही विचारलंत, राहता कुठे? म्हटलं, नायगावला, बीडीडीत. तुम्ही विचारलंत, कुठली चाळ? मी चाळ सांगितली. तेव्हा तुम्ही आत बसलेल्या गिऱ्हाइकांकडे एकदा बघितलंत आणि म्हणालात, मास्तर, बसता कशाला, बांधून देतो."



"मी उठलो," मास्तर म्हणाले. "तेव्हापासून बांधूनच नेतो. कागद चांगला असतो, ते मात्र खरं."

"मी?" मालक म्हणाले. "मी म्हटलं तसं?"

"हो."

"माका आठवत नाय."

"कसं आठवेल? तुम्ही रागाने नव्हतात बोललात. गोड बोललात."

मालक खाली बसले. समोर पडलेला एक बटर पेपर त्यांनी उचलला, घडी घातली, उलगडली, परत घातली. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांच्या हातात कागद बघत होतो आणि ते त्या कागदाकडे बघत नव्हते.  कोणीतरी विचारलं, मालक, पुढच्या तुकडीला हाच कागद ना? त्यांना ते ऐकूही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. माझी पिशवी उघडून बघितल्यावर मला सोडून दिलं. पत्रक म्हणावं तर एकाही तावावर अक्षर नव्हतं. बाकीच्यांना मॅजिस्ट्रेट एकच विचारत होते, काही सांगायचं आहे का? जो तो छाती काढून संयुक्त महाराष्ट्र म्हणायचा आणि काही दिवसांची साधी कैद घेऊन बाजूला व्हायचा. मास्तरांनीही तसंच केलं. त्यांच्या मागोमाग मालक उभे राहिले.

"काही सांगायचं आहे?"

मालकांनी मॅजिस्ट्रेटकडे बघितलंच नाही. ते बाजूला झालेल्या मास्तरांकडे बघत होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं. माफी करा."

कोर्टात कुजबुज झाली. मॅजिस्ट्रेट खूश झाले. इतक्या दिवसांत पश्चात्ताप झालेला हा पहिलाच सत्याग्रही. त्यांनी मालकांना समज देऊन सोडलं आणि बाकीच्यांना सांगितलं, ह्यांच्याकडून शिका.

मालक घरी पोचायच्या आधी बातमी लालबागला पोचली होती. त्यांनी सरकारची माफी मागितली. भर कोर्टात, हात जोडून. संध्याकाळी पाळी सुटली तेव्हा माणसं हॉटेलासमोरून नेहमीसारखी गेली, पण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने. हवालदारसुद्धा आला नाही. चिटणीस येऊन दारातूनच सांगून गेले, पुड्यांची व्यवस्था आम्ही दुसरीकडे केली आहे. कोणीतरी भिंतीवर डांबराने लिहिलं, माफीवाला. अक्षर सुरेख होतं.

मी जायचो तेव्हा मालक फळीमागे बसलेले असायचे. वहिनींनी कढई उतरवून ठेवली होती. बटाटे उकडून कोणासाठी ठेवायचे?

"सांगा ना लोकांना खरं काय ते," वहिनी म्हणायच्या. त्यांना मी सगळं सांगितलं होतं.

"काय सांगू? सरकारची नाय मागितली, मास्तरांची मागितली, असं? मग लोक विचारतील, कशाबद्दल? तेही सांगू?"

"सांगा."

"आणि लोकांनी म्हटलं, ह्यात काय मोठंसं, तर?"

 मी म्हटलं, मालक, तुमच्या वतीने मी बोलतो. ते म्हणाले, "तुम्ही कागद विका." आणि माल खपत नसतानाही त्यांनी माझ्याकडून बटर पेपरचे गठ्ठे घेतले आणि फळीच्या मागे छतापर्यंत रचले.

सत्याग्रही सुटले त्या दिवशी त्यांची मिरवणूक निघाली. गळ्यात हार, कपाळाला गुलाल, पुढे लेझीम. मी मुद्दाम हॉटेलात जाऊन बसलो होतो. हॉटेलासमोर येताच मिरवणूक थांबली आणि "माफीवाल्याचा धिक्कार असो" अशी आरोळी उठली. मालक फळीमागे उभे होते. आत गेले नाहीत. वहिनींनी मात्र काय मनात आणलं कोण जाणे, सकाळीच बटाटे उकडून कढई चढवली होती, आणि आता तिच्यात वडे सोडले.

तेवढ्यात मास्तर मिरवणुकीतून बाहेर पडले. गळ्यातला हार काढून त्यांनी शेजारच्याच्या हातात दिला आणि रस्ता ओलांडून फळीशी आले.

"मास्तर!" चिटणीस मागून ओरडले. "त्या माफीवाल्याकडे?"

मास्तर वळले. "त्यांनी सरकारची माफी मागितलेली नाही," ते वर्गात बोलावं तसं स्पष्ट म्हणाले. "कोणाची मागितली, ते आम्ही दोघं बघून घेऊ."

लेझीम थांबलं. मास्तर मालकांना म्हणाले, "दोन वडे द्या."

सवयीने मालकांचा हात मागच्या गठ्ठ्याकडे गेला. त्यांनी एक कागद ओढून घेतला. मग हात तिथेच थांबला.

"बांधून मिळणार नाय," ते म्हणाले.  "कागद संपला."

मास्तरांनी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग छताला टेकलेल्या गठ्ठ्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"सगळा संपला?"

"सगळा."

"मग कसं करायचं?"

"बसावं लागेल."

मास्तरांनी आतल्या बाकांकडे एकदा बघितलं.  मग मास्तर आत आले. दाराजवळचं बाक टाळून ते सरळ मधल्या बाकावर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असे बसले. वहिनींनी कढईतून काढलेले दोन वडे बशीत घातले, बाजूला चटणी ठेवली आणि बशी मालकांच्या हातात दिली. ज्या हातांनी हजारो पुडे गच्च बांधले, त्याच हातांनी बशी बाकावर नेऊन ठेवली.

मास्तरांनी वडा मोडला. वाफ आली. फुंकर घालून त्यांनी एक घास खाल्ला, डोळे किंचित मोठे केले आणि मालकांकडे बघून मनापासून म्हणाले,

"गरम असताना हा असा लागतो होय?"

मालकांनी तोंड फिरवलं. मघाचा बटर पेपर त्यांच्या हातातच होता. त्याने ते डोळे पुसू लागले. तो उत्तम प्रतीचा कागद होता, मीच दिलेला, आणि उत्तम बटर पेपर पाणी अजिबात टिपत नाही. ते पुसत राहिले आणि सगळा चेहरा ओला होत गेला.